कच्च्या खांद्याची बंदूक

उस्ताद नव्या माणसाच्या हातात पहिल्या दिवशी बंदूक देत नसत, झाडू देत. झाडूचा दांडा खांद्याला लावायला सांगायचे, समोरच्या डोंगरावरचा एखादा दगड दाखवायचे आणि स्वतः बाजूला उभे राहून बघत राहायचे. कुठला डोळा मिटतो, मान किती वाकते, कोपर कुठे जातं. मोठमोठ्या कंपन्यांचे मॅनेजर त्या उघड्याबोडक्या रेंजवर झाडू खांद्याला लावून उभे असत आणि उस्तादांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नसे. मग म्हणत, "ठीक. पुढच्या शनिवारी या."

त्यांचं नाव फ्रान्सिस, गाव वसई. पण क्लबच्या ओमानी मालकापासून आम्हा हौशी मंडळींपर्यंत सगळे त्यांना उस्तादच म्हणायचे. भारतीय सैन्यात ते बंदुका दुरुस्त करायचे. तिथून निवृत्त झाल्यावर इकडे ओमानला आले आणि अल अमेरातच्या पलीकडे, डोंगरांच्या कुशीतल्या आमच्या छोट्या नेमबाजी क्लबमध्ये शस्त्रांची खोली सांभाळू लागले. उंचीने कमी, केस पांढरे, शर्ट नेहमी इस्त्रीचा. सुट्टीवरून परत आले की वसईची सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, आणत आणि प्रत्येकाला एकेक मोजून देत. दुसरं मागितलं तर, "घरी आणखी माणसं आहेत," एवढंच उत्तर. ती घरची माणसं म्हणजे त्यांच्या बिल्डिंगमधले शेजारी.

मी वादी कबीरच्या एका शाळेत फिजिक्स शिकवते. इब्रा गावाहून परतताना आमची गाडी उलटली आणि माझं उजव्या खांद्याकडचं गळ्याचं हाड मोडलं. त्यात प्लेट बसली, हाड जुळलं, पण हाताची भीती जाईना. फळ्यावर वरच्या ओळीत लिहायचं म्हटलं तरी खांदा आखडायचा. पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीमध्ये मी बरी नेमबाजी करायचे. नवरा म्हणाला, "जाऊन तर बघ." डॉक्टर म्हणाले, "हलकं काही असेल तर हरकत नाही." अशी मी झाडूपर्यंत पोचले.

पिस्तूल मला जमलं नाही. हात लांब करून धरलं की थरथरायचा. उस्तादांनी चार शनिवार ते पाहिलं आणि पाचव्या शनिवारी म्हणाले, "टीचर, तुम्हाला खांद्याला टेकेल अशी बंदूक पाहिजे, पण गोळी पिस्तुलाची. धक्का कमी, आवाज कमी. पंचवीस-पन्नास मीटरच्या निशाण्याला त्याहून जास्त लागतं कुणाला?" तेव्हा क्लबकडे तशी बंदूक नव्हती. आणि इथे आपली बंदूक घेऊन घरी ठेवायचा प्रश्नच नव्हता. आम्ही परदेशी माणसं, क्लबची बंदूक क्लबमध्येच सही करून घ्यायची आणि तिथेच परत द्यायची.

योगायोगाने त्याच सुमारास अर्बाबने, म्हणजे क्लबच्या मालकाने, सहा नव्या रायफली घ्यायचं ठरवलं. अर्बाब दिलदार माणूस, हिंदी आमच्याहून चांगलं बोलायचा. पण त्याच्या मनात खऱ्याखुऱ्या लष्करी गोळीची रायफल भरली होती. "उस्ताद, लोकांना आवाज आवडतो," तो म्हणाला. "गोळी सुटली की छाती हलली पाहिजे."

"अर्बाब, मागची भिंत पिस्तुलासाठी बांधली आहे," उस्ताद म्हणाले. "समोरच्या लोखंडी पाट्यासुद्धा. त्या गोळीचा तुकडा उलटा आला तर?"

"इन्शाल्ला काही होणार नाही."

"इन्शाल्ला आपण आपलं काम पुरं झाल्यावर म्हणतो. हे काम अजून अर्धंच आहे. त्या रायफलीच्या कागदावर माझी सही मिळणार नाही."

अर्बाबचा चेहरा उतरला. मी तिथेच चहाचा कप घेऊन उभी होते. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं, कारण उस्तादांचा व्हिसा अर्बाबच्या हातात होता. पुढचे दोन आठवडे त्या दोघांत सलामापलीकडे बोलणं झालं नाही. उस्ताद नेहमीसारखे येत, खोली उघडत, बंदुका पुसत. तिसऱ्या शनिवारी त्यांनी आमच्या रेंजवरची एक लोखंडी पाटी सोडवली आणि बंदुका विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या रेंजवर नेली. ती रेंज मोठ्या रायफलींसाठीच बांधलेली होती. तिथल्या माणसाने पन्नास मीटरवरून, आडोशामागून, त्या पाटीवर मोठ्या रायफलीच्या तीन गोळ्या झाडल्या. उस्तादांनी पाटी परत आणली आणि अर्बाबच्या टेबलावर ठेवली.

पिस्तुलाच्या हजारो गोळ्या खाऊन त्या पाटीचा नुसता रंग उडाला होता. नव्या तीन गोळ्यांनी मात्र बोटाचं पेर जाईल एवढे खड्डे पडले होते. अर्बाबने एका खड्ड्यात बोट घातलं. मग खिडकीतून मागच्या भिंतीकडे बघत राहिला. भिंतीपलीकडच्या वादीत, कोरड्या नदीपात्रात, शुक्रवारी माणसं मुलाबाळांसह जेवण घेऊन बसतात.

"खलास," तो म्हणाला. "पिस्तुलाची गोळी. पण कुठली घ्यायची ते तू ठरव, आणि लवकर ठरव."

आता निवड दोन बंदुकांत उरली. दोन्ही नऊ मिलिमीटरच्या, व्यापाऱ्याने चाचणीसाठी पाठवलेल्या. पहिली देखणी, बांधणीला घट्ट, आणि तिच्यात क्लबच्या पिस्तुलांचीच मॅगझिन बसायची. म्हणजे सगळ्यांना एकच गोळी, एकच मॅगझिन, गोंधळ नाही. दुसरी दिसायला अगदी साधी, मॅगझिन वेगळं. उस्तादांचं मन पहिलीवर बसलं होतं, ते लपत नव्हतं. फडक्याने पुसतानासुद्धा तिला जरा जास्त वेळ मिळायचा. अर्बाबला त्यांनी तसं सांगूनही टाकलं होतं. राहिली होती फक्त चाचणी, आणि त्यासाठी त्यांनी मला बोलावलं.

"क्लबमध्ये इतके चांगले नेमबाज आहेत," मी म्हटलं. "मी कशाला?"

"चांगल्या नेमबाजाला काय, काहीही चालतं. ज्याला सगळ्यात कमी जमतं, त्याच्या खांद्यावर बंदूक निवडायची."

आधी रिकाम्या बंदुकीने सुरुवात झाली. डोळे मिटून ती खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, डोळ्यासमोर आपोआप यायला हवी, मान वाकडी करून शोधावी लागता कामा नये. असं दहा वेळा. "पहिल्या वेळी सगळ्याच बंदुका हलक्या असतात," उस्ताद म्हणाले. "मी दहाव्या वेळी बघतो." मग त्यांनी दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या भागाची, लांबी माझ्या हाताप्रमाणे कमी केली आणि पहिल्या बंदुकीच्या वीस गोळ्या दिल्या.

तिसऱ्या गोळीलाच मला कळलं. गोळी पिस्तुलाची असली तरी आतला जड बोल्ट, गोळीमागचा लोखंडी ठोकळा, धाडकन मागे येत होता आणि प्रत्येक वेळी प्लेटच्या बरोबर वर ठोसा बसत होता. फार नाही, पण पुरेसा. उस्तादांनी विचारलं, "खांदा?" मी म्हटलं, "मस्त. काहीच जाणवत नाही." ते किती मनापासून ती बंदूक बघत होते, अर्बाबशी किती भांडले होते, हे मला ठाऊक होतं. वीसच्या वीस गोळ्या मी संपवल्या.

ते कागद घेऊन आले. पहिली दोन भोकं मधोमध, आणि मग एकेक खाली घसरत गेलेली. घोडा दाबायच्या आधीच मी अंग चोरत होते, हे त्या कागदावर स्पष्ट दिसत होतं.

उस्ताद माझ्यावर तेवढे एकदाच रागावले. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "टीचर, तुम्ही मला खूश करायला बसलात? उद्या तुमच्या जागी दुसरी कुणी बाई येईल, मोडलेला खांदा घेऊन. तिला वाटेल चूक तिचीच आहे. ती पुन्हा येणार नाही."

वर्गात ज्या मुलांना काही कळलेलं नसतं आणि तरीही ती मान डोलावतात, त्यांच्यावर मी नेमकी अशीच चिडते.

आठवडाभर खांद्याला विश्रांती देऊन मी दुसऱ्या बंदुकीच्या वीस गोळ्या झाडल्या. तिच्यात बोल्ट हलका होता आणि उशिरा, हळू मागे यायचा. वीस भोकं एका बशीत मावली असती. या वेळी उस्तादांनी खांद्याचं विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं, की थोडं जाणवतं, पण पुढची गोळी झाडावीशी वाटते.

ते उठले आणि सरळ अर्बाबच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. "अर्बाब, माझी निवड चुकली होती," ते म्हणाले. "दुसरी घ्या." ज्या माणसाशी दोन आठवडे अबोला धरला, त्याच्यासमोर हे म्हणताना त्यांची मान जराही खाली गेली नव्हती. अर्बाब हसला आणि म्हणाला, "यल्ला, साधीवाली मागव."

त्या सहा साध्या बंदुकांनी क्लब बदलला. शनिवारी सकाळी बायकांची वेगळी तुकडी सुरू झाली. तिच्यात एक ओमानी आजी होती, संधिवाताची बोटं घेऊन यायची आणि माझ्याहून चांगले गुण घेऊन जायची. मी फळ्यावर सगळ्यात वरच्या ओळीत लिहू लागले. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी नवं उपकरण घ्यायचं असलं, की आता आधी ते वर्गातल्या सगळ्यात बिचकणाऱ्या मुलीच्या हातात देते आणि मगच होकार कळवते.

गेल्या वर्षी उस्तादांनी काम सोडलं. वसईला घरी बायको एकटी होती आणि त्यांचीही साठी उलटून गेली होती. शेवटच्या शनिवारी चहा झाला, अर्बाबने मिठी मारली, फोटो निघाले. मग मी म्हटलं, "उस्ताद, जाताना पाच गोळ्या तुम्ही झाडा." तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं, की दुरुस्तीनंतर बंदूक वाळूच्या पिशव्यांवर टेकवून ते गोळी तपासत, पण उभं राहून नेम धरताना त्यांना कुणीच कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी थोडे आढेवेढे घेतले, मग साधी बंदूक उचलली. पाच गोळ्या झाडल्या. कागद आणला तर भोकं चार कोपऱ्यांत पांगलेली आणि पाचवं सापडेचना.

"नेम माझा कधीच नव्हता," उस्ताद बंदूक पुसत शांतपणे म्हणाले. "भरती झालो तेव्हा रायफल माझ्या मापाची नव्हती. दस्ता लांब, हात आखूड. पहिल्या परीक्षेत नापास झालो आणि वर्कशॉपमध्ये टाकलं. तिथे गेल्यावर ठरवलं, की माझ्या हातून जी बंदूक बाहेर जाईल ती घेणाऱ्याच्या मापाची असेल."

बोलता बोलता त्यांनी बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, दस्त्याची लांबी माझ्या हाताएवढी केली आणि ती माझ्यापुढे धरली.

"चला टीचर, तुमची पाळी."