आबांचा चाकू

माझ्याकडं घडीचे अकरा चाकू जमलेत, पण पर्समध्ये रोज एकच असतो, शिंगाच्या मुठीचा. आज शाळेत मधल्या सुट्टीत एका बाईंनी पेरू कापायला तो मागितला. त्यांनी हात पुढं केला आणि मी सवयीनं चाकू टेबलावर ठेवला. त्यांना हसू आलं. मी मात्र पोखर्णीच्या आमच्या घरात जाऊन पोचले.

हा चाकू आबांचा, माझ्या वडिलांचा. ते मेंढरं राखायचे. कोकराच्या खुरातला काटा असो की माझी पेन्सिल, त्यांना हेच पातं लागायचं. पण चाकू त्यांनी कधी कुणाच्या हातात दिला नाही. हातातून हातात दिला की माणसांत भांडण लागतं, म्हणून ते तो खाली ठेवायचे आणि समोरच्यानं उचलायचा.

शेवटच्या आजारपणात एका दुपारी त्यांनी उशाखालून चाकू काढून माझ्यापुढं धरला. मुठीला लोकरीचा वास होता.

"घे माय. आता तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

"आबा, खाली ठिवा की. तुमीच शिकवलंय ना?"

ते माझ्याकडं बघत राहिले. मग बाजेवरून कसेबसे वाकले आणि चाकू जमिनीवर ठेवला. मी उचलला. मला वाटलं, दुखण्यात आबा रीत विसरले.

आता आठवतो तो त्यांचा हात. चाकू ठेवल्यावरही तो तसाच माझ्यापुढं होता, रिकामा, आणि मी पात्याची धार बघत होते.