करुणाबाईंनी प्याला नाकारला तो रविवार

करुणाबाई गेल्याचे मला, मी आता राहतो त्या बदलापूरच्या बाजारात कळले. आमच्या अंबरनाथच्या ख्रिस्ती मंडळीतले दाविद शिंपी तिथे भाजी घेत उभे होते. मला पाहून त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "नर्सबाई गेल्या, परवा सकाळी. तुम्हाला निरोप नाही का आला?" निरोप आला नव्हता. माती होऊन गेली होती, तेव्हा घाई करण्यासारखे काही उरले नव्हते... पुढच्या रविवारी स्मरणाच्या उपासनेला मात्र मी गेलो. नव्याने आलेल्या पाळकसाहेबांनी त्यांचे वर्णन 'सेवाभावी' या शब्दात तीनदा केले. शब्द खोटा नव्हता. पण ज्या एका गोष्टीसाठी त्यांची आठवण ठेवायला हवी ती कोणी बोलले नाही, आणि ती न बोलण्यात माझाही वाटा जुना आहे. म्हणून आता, महिना उलटल्यावर, लिहायला बसलो आहे.

करुणाबाई नगरकडच्या. लवकर विधवा झाल्या, मिशनच्या इस्पितळात परिचारिकेचे काम शिकल्या आणि फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी बराकींत येऊन पडले तेव्हा लसटोचणीसाठी इकडे आल्या. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून कितीतरी कुटुंबे राहत होती. तिथल्या बायका सुई पाहून मुलांना पदराआड घेत, तेव्हा करुणाबाई आधी स्वतःच्या दंडावरचा वण दाखवत. छावणीचे उल्हासनगर झाले आणि त्या अंबरनाथला, स्टेशनच्या पश्चिमेकडच्या एका दवाखान्यात नोकरीला लागल्या. डॉक्टर सकाळचे दोन तास येत. बाकीचा दिवस दवाखाना म्हणजे करुणाबाईच. मी तेव्हा काडेपेटीच्या कारखान्यात कारकून होतो आणि मंडळीचा चिटणीस. आमची मंडळी लहान, पत्र्याच्या छपराखाली भरणारी, एकमेकांना चांगली ओळखणारी. निदान आम्ही तसे समजत होतो.

मंडळीत शमुवेल नावाचा तरुण होता. बाजाची पेटी उत्तम वाजवायचा. त्याने सूर धरला की बेसूर म्हाताऱ्यांनाही गाता यायचे. त्याची बायको राहेल बदलापूरच्या पलीकडच्या एका खेड्यातली, भातशेतीवर मजुरी करणाऱ्या बापाची मुलगी. ती मागच्या चटईवर बसायची आणि कधी कधी दोन-दोन रविवार यायचीच नाही. शमुवेल तिला मारतो हे चाळीतल्या सगळ्यांना माहीत होते. दाविद शिंप्यांची तर भिंत लागून होती. एकदा बाप तिला घेऊन गेला आणि आठ दिवसांनी स्वतःच परत आणून सोडली. करुणाबाईंनी तिला तीन वेळा पट्टी बांधली. तिन्ही वेळा शमुवेल शेजारी उभा होता, तिन्ही वेळा तो म्हणाला, "मोरीत घसरली." करुणाबाईंनी मान डोलावली. तिसऱ्या वेळी राहेलला दिवस गेलेले होते. "प्रार्थना करत राहा, सगळं नीट होईल," असे त्यांनी तिला सांगितले. हे सगळे त्यांनीच मला पुढे सांगितले, स्वतःला कसलीही सूट न देता.

त्यानंतर राहेल घरातून नाहीशी झाली. शमुवेलने ती माहेरी गेल्याचे सांगितले, आम्ही मान्य केले. पंधरा दिवसांनी उल्हासनगरहून ईश्वरीबाई नावाची एक सिंधी बाई करुणाबाईंना शोधत दवाखान्यात आली. तिच्या मुलाला करुणाबाईंनी छावणीत लस टोचली होती, तेव्हापासूनची ओळख. ती बराकीत पापड लाटून विकायची. "आपके गिरजे की एक लड़की मेरे पास है, स्टेशन पर बैठी मिली थी," ती म्हणाली. "बच्चा गिर गया उसका. अब ठीक है." करुणाबाई तशाच तिच्याबरोबर निघाल्या. वाटेत ईश्वरीबाईंनी एकच गोष्ट विचारली, तीही सहज, माहिती करून घ्यावी तशी. "बाई, आपके गिरजे में इतने लोग हैं, उससे कभी किसी ने पूछा नहीं?"

त्या रविवारी प्रभुभोजन होते, येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारसाचा प्याला सगळ्यांत फिरवतात तो विधी. प्याला करुणाबाईंपर्यंत आला तेव्हा त्यांनी तो घेतला नाही. उभ्या राहिल्या. आवाज दवाखान्यात असायचा तसाच होता, ना वर ना खाली. "मी हा घेऊ शकत नाही. राहेलला मी तीनदा पट्टी बांधली. तिला कसं लागलं ते मला ठाऊक होतं, तरी मी विचारलं नाही. विचारलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. तिचं मूल गेलं. मारणारे हात शमुवेलचे, पण गप्प मी राहिले. देवाची क्षमा मागते आहे, आणि तुमच्यासमोर मागते आहे, कारण आपण सगळे एकत्र गप्प बसलो."

जुने पाळकसाहेब हळूच म्हणाले, "बाई, हे आपण नंतर पाहू." शमुवेलने पेटीचा भाता ओढला, पण सूर लागला नाही. मग दाविद शिंपी उठले. "भिंत माझी आहे," एवढेच म्हणाले आणि खाली बसले... आणखी कोणी उठले नाही. मीही नाही.

मंडळीच्या पंचांची बैठक झाली. उपासनेत अडथळा आणला म्हणून करुणाबाईंना महिला सभेचे काम सोडायला सांगितले. शमुवेलला समज दिली गेली. तो दोन महिने पेटी वाजवत राहिला, मग नोकरी सोडून गेला. कुठे, ते कळले नाही. त्या रविवारच्या इतिवृत्तात काय लिहावे असे मी पाळकसाहेबांना विचारले. त्यांनी सांगितले तसे लिहिले: उपासना नेहमीप्रमाणे पार पडली. काही दिवसांनी करुणाबाईंनी वही मागून घेतली, ते पान वाचले आणि वही परत दिली. त्या रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

राहेल ईश्वरीबाईंच्या बराकीतच पापड लाटत राहिली; तिच्याकडे त्या दर गुरुवारी जात. पहिल्या वेळी क्षमा मागितली तेव्हा राहेलने लाटणे थांबवले नाही. "त्या दिवशी विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, बाई," ती म्हणाली. क्षमा केली असे ती तेव्हा म्हणाली नाही, नंतरही म्हटल्याचे मला ठाऊक नाही. तरी वर्षभराने ती दवाखान्यात आया म्हणून कामाला आली, आणि शेवटच्या आजारात करुणाबाईंचे सगळे तिनेच केले.

स्मरणाच्या उपासनेनंतर मी दवाखान्यात गेलो. आतल्या खोलीला करुणाबाईंनी प्याला नाकारला त्याच वर्षी दार बसवून घेतले होते. जखमी बाई आली की तिला एकटीलाच आत घ्यायचे, सोबतच्याला बाहेर बसवायचे, हा त्यांचा नियम झाला होता. मी बाकावर टेकलो तेवढ्यात एक माणूस बायकोला घेऊन आला. तिचा हात सुजलेला होता. राहेलने तिला आत घेतले, त्याला म्हणाली, "तुम्ही इथंच थांबा," आणि दार लावले. तो माझ्या शेजारी बसला, चुळबुळ करत. थोड्या वेळाने आतून राहेलचा आवाज आला. शब्द कळत नव्हते. ती विचारत होती, थांबत होती, पुन्हा विचारत होती.

"किती वेळ लावतात," तो पुटपुटला.

"काय झालं तिच्या हाताला?" मी विचारले.

त्याने माझ्याकडे निरखून पाहिले. "तुम्ही कोण?"

"इथल्याच मंडळीतला," मी म्हणालो, आणि त्याच्या उत्तराची वाट पाहत बसून राहिलो.