याडीची आग

चांदीबाईनं मला कधी नावानं हाक मारली नाही. "ओ गाइडवाल्या, बाजूले हो!" हाच तिचा रामराम. मी यवतमाळकडच्या अभयारण्यातला गाइड आणि ती तिथल्याच डोंगरावरच्या, आता उठवलेल्या तांड्यातली बंजारा म्हातारी. सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई. पण ती कोणाशी आईसारखी वागली असेल तर शपथ! मला तिचा मनस्वी राग यायचा.

दर दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी ती गेटवर हजर. कनवटीला गूळ, हातात तुपाची वाटी आणि डब्यात निखारे. वर तांड्याच्या जागी तिची जुनी चूल होती, नुसते तीन दगड. तिचा एकुलता पोरगा तिथल्याच घरात तापानं गेला होता. त्याच्या नावानं त्या चुलीत गूळ-तूप टाकायचं, एवढंच तिला हवं होतं. जंगलात आग न्यायची नाही, म्हणून गार्ड दरवेळी डब्यात पाणी ओतायचा. मी एकदा म्हणालो, "याडी, नव्या गावात गॅस आहे की, घरीच कर." अशी उसळली!

"ग्यासवर येते का माहं पोरगं? त्याले माही चूलच ठाऊक हाय. तुले काय समजते, मुडद्या!"

मागच्या वर्षी ऐन दिवाळीच्या सुट्टीत शहरातल्या एका बाईंनी वर कृतज्ञता शिबिर भरवलं. गाइडचं काम माझ्याकडं होतं. सीताफळं पिकली होती, गवत पिवळं पडत होतं. 'जंगलाची माता' म्हणून दोन शब्द बोलायला त्यांना याडी हवी होती. जीपमधून वर जायला मिळतंय म्हटल्यावर ती गूळ-तूप घेऊन लगेच तयार झाली. वर मंडळी डोळे मिटून बसलेली आणि मधोमध, रीतसर परवानगी काढून, पेटवलेली समई. बाई म्हणाल्या, "बघा, घरं गेली आणि निसर्ग पुन्हा बहरला. आपण त्याचे आभार मानूया."

"कोनाचे आभार? उठ! माह्या चुलीवर बसून राह्यली तू!"

याडीनं एका ताईंना दंडाला धरून उठवलं आणि गवत उपटलं. खाली तीन दगड निघाले. तिनं समईवर काटकी पेटवली, चुलीत जाळ केला आणि गूळ-तूप टाकलं. गार्ड धावत आला.

"आग माही नोहे, त्यायची हाय! इझव पाहू!"

त्याची हिंमत झाली नाही. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते कार्यक्रमातलंच वाटलं.

"टाळ्या कायले वाजवता? पोरगं मेलं माहं!"

परतताना ती जीपमध्ये रडत होती. मी पाण्याची बाटली पुढं केली, तर ती तिनं बाहेर भिरकावली.

उन्हाळ्यात ती गेली. परवा त्याच शिबिरवाल्या बाईंचा फोन आला. "लोकांना फार भावल्या हो त्या आजी. गेल्या? अरेरे! मग दुसरी कोणी मिळेल का?" माझं डोकंच फिरलं. "तुमची आई आणा," म्हटलं आणि फोन ठेवला. यंदाच्या शिबिराचं काम गेलं. जाऊ दे खड्ड्यात.

दिवाळी तोंडावर आली आहे. याडीच्या मागं तिचं नाव घेणारं कोणी उरलं नाही. यंदा गूळ-तूप मी नेणार, मायलेकांच्या नावानं, आणि डब्यात निखारेही. गार्डानं अडवलं तर सांगीन, आग माझी नाही, याडीची आहे. मग ओत म्हणावं पाणी.