वजनदार गोळ्या आणि आमच्या नळीचा पीळ

रायफलची गोळी आडवी होऊन कागदातून गेली, तर दोष कोणाचा: गोळीचा, रायफलचा, की माझ्या धाकट्या बहिणीच्या वेणीचा? घाईने उत्तर देऊ नका. आमच्या नेमबाजी क्लबच्या कार्यकारिणीने यावर बैठका घेतल्या आणि वेणीवर ठपका ठेवला.

मी पत्रकांवर वाढलो. वडील सातपूरच्या कारखान्यात कामगार. युनियनची पत्रकं गेटवर वाटायचे आणि उरलेली आमच्या वह्यांना कव्हर म्हणून चढायची. 'अन्याय' हा शब्द मी 'कमळ'च्या आधी वाचायला शिकलो. अशा घरातल्या मुलीने रायफल हातात घेतली तेव्हा वडिलांनी आधी क्लबची नियमावली वाचून काढली. मग म्हणाले, "ठीक आहे. पण शिस्तीत."

ती शिस्तीतच मारायची. गंगापूर रोडच्या पुढे, मळ्यांना लागून आमच्या क्लबची रेंज आहे. तिथे पन्नास मीटरवरून मारलेल्या तिच्या दहा गोळ्यांची छिद्रं निशाणाच्या कागदावर एका नाण्याखाली झाकली जायची. राज्य स्पर्धेच्या ज्युनिअर गटासाठी क्लबमधून एकच नाव जाणार होतं, आणि वयाच्या हिशेबाने तिची ही शेवटची संधी होती.

त्याच सुमारास क्लबला एक देणगीदार लाभले. द्राक्षांचे मोठे निर्यातदार. क्लबने आपल्या कोट्यातून गोळ्या आणायच्या, खर्च त्यांचा. अट एकच. "हलका माल नको. घड वजनदार तर भाव वजनदार. गोळीचं बी तेच हाय." अध्यक्षांनी मान डोलावली आणि यादीतली सगळ्यात जड गोळी मागवली. खंडेनवमीला खोक्यांना हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ पडली, फोटो निघाला.

मग सराव सुरू झाला आणि कागदावर गोल छिद्रांऐवजी लांबट भोकं दिसू लागली. काही गोळ्या तर कागदाला शिवल्याच नाहीत.

बहिणीने मला समजावलं, "दादा, नळीच्या आत पीळ कोरलेला असतो. त्यातून जाताना गोळी भोवऱ्यासारखी फिरते, म्हणून सरळ जाते. आपल्या रायफलींचा पीळ सोळा इंचांत एक फेरा. नेहमीच्या चाळीस ग्रेन वजनाच्या गोळीला तो पुरतो. ही साठची. जड म्हणून लांब, आणि लांब गोळीला जास्त जोरात फिरावं लागतं. हिला नऊ इंचांत एक फेरा हवा. आपल्या नळीतून ती झिंगतच बाहेर पडते."

हेच तिने बैठकीत सांगितलं.

"पीळ कमी पडतोय ना? मग आवळून घेऊ," एक सदस्य म्हणाले. "अंबडला माझ्या ओळखीचा टर्नर आहे."

"नेम धरताना हिची वेणी गाल आणि दस्त्याच्या मध्ये येत असेल," खजिनदार म्हणाले.

"पण वेणी नसलेल्यांचीही भोकं लांबट आहेत," मी म्हणालो.

"संगतीचा परिणाम," खजिनदार म्हणाले.

अध्यक्षांना तर ते भोक आवडलंच होतं. "पूर्वीपेक्षा मोठं पडतंय. याला प्रगती म्हणतात."

मी घरी जाऊन पत्रक लिहिलं: 'गोळी निर्दोष, नळी निर्दोष, जोडी चुकली!' क्लबच्या दारात उभं राहून वाटलं. अध्यक्षांनी बोलावून घेतलं. "तुम्ही नक्की कोणत्या पक्षाचे?"

"सोळा इंचांच्या," मी म्हणालो.

निवडीच्या दिवशी पहिली गोळी देणगीदारांनी मारायची होती. त्यांनी मारली. टाळ्या झाल्या. मग कागद आला, तो कोरा. अध्यक्षांनी माईक घेतला. "साहेबांची गोळी आधीच्या छिद्रातून आरपार गेली!"

देणगीदारांनी कागद उन्हात धरला. "कोणच्या छिद्रातून, साहेब?"

माईक बंद करण्यात आला.

बहिणीची पाळी आली. तिने क्लबकडच्या शिल्लक चाळीस ग्रेनच्या गोळ्या मागून घेतल्या.

"पूजा झालेली गोळी नाकारतेस?" अध्यक्ष तिच्यावर ओरडले.

"सर, पूजा रायफलींचीही झाली होती. त्यांनी कुठे ऐकलं?"

तिने दहा गोळ्या मारल्या. दहाही नाण्याखाली. निकालात तिच्या नावापुढे 'देणगीचा अवमान, बाद' असं लिहिलं गेलं. ज्याच्या आडव्या गोळ्या निदान कागदावर पडल्या, तो मुलगा निवडला गेला.

संध्याकाळी तो आमच्या दारात उभा. "ताई, तिकडे कोणत्या गोळ्या नेऊ गं?"

"चाळीसच्या," ती म्हणाली. "आणि आधी आपल्याच रायफलमधून मारून बघ." मग आत जाऊन तिने नळ सोडला आणि बराच वेळ बंद केला नाही.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "कागद आण."

तुम्ही वाचताय तो हाच कागद. सभासदांनी लेखी मागणी केली तर आमच्या क्लबच्या नियमाप्रमाणे फेरचाचणी घ्यावी लागते, आणि राज्याकडे नाव अजून गेलेलं नाही. पहिली सही त्या निवडलेल्या मुलाची आहे; त्याने दोन्ही गोळ्या मारून पाहिल्या. तुम्ही सभासद असाल तर त्याखाली सही करा. नसाल तर ओळखीतल्या एका सभासदाला रेंजवर घेऊन जा, एकाच रायफलमधून दोन्ही गोळ्या मारायला लावा, दोन्ही कागद शेजारी धरा आणि पेन त्याच्या हातात द्या.