दहापैकी आठ

"रडून झालं? आता उपाय लिव."

कोणाचीही तक्रार ऐकली की आमचे मास्तर टोपी मागे सरकवून हेच म्हणायचे. पोरगं सांगायचं, पाटी फुटली. एखादी बाई सांगायची, बकरी हरवली. सगळं ऐकून घेऊन मास्तर म्हणायचे, "रडून झालं? आता उपाय लिव." जिला अक्षर येत नव्हतं तिलाही. असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. मी मात्र एकच पाहिले, कारण माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं.

किन्हीराजाच्या शाळेत एक खोली, चार वर्ग आणि हे एकटे मास्तर. दर शनिवारी ते आम्हा चौथीच्या पोरांकडून एक कागद लिहून घेत. कागद उभा दुमडायचा. डावीकडे गावातली एक अडचण, उजवीकडे तिचा उपाय. घरी बसून लिहिलेलं चालत नसे. जागेवर जाऊन बघायचं, तीन माणसांना विचारायचं आणि ते बोलले तसं उतरवायचं. खाली दोन ओळी: कोण करणार, केव्हा करणार.

पहिल्या शनिवारी सगळ्यांनी एकमेकांचं बघून एकच लिहिलं. अडचण: नाल्यावरची वाट वाहून गेली. उपाय: मारुतीला नारळ फोडावा. कोण करणार: सरकार.

मास्तरांनी मलाच उभं केलं. "सरकारचं घर कोन्त्या गल्लीत हाय वं?"

"मालूम नाई, मास्तर."

"मंग त्याले बलवाले कोन जाईन? हाक मारल्यावर जो ओ देते, त्याचं नाव लिव."

पुढच्या शनिवारी मी माझ्या बापाचं नाव लिहिलं, कारण वाट भरायला लागणारे दगड आमच्याच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पडून होते. केव्हा: बुधवारी. बापानं मला शिव्या दिल्या, मास्तरांना दिल्या आणि बुधवारी गाडीभर दगड नाल्यात टाकले. मला दहापैकी दहा गुण मिळाले.

मास्तर खोकायचे. खोकला आला की भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि आम्ही हसायचो. हिवाळ्यात खोकला वाढला. ते ज्यांच्या ओसरीवर राहत, त्या सरूकाकूंना मी विचारलं. काकू म्हणाल्या, "अर्धी भाकर खाते, बाप्पा. अन् रुमाल मले धुवू देत नाई, सोताच धुते." मग बापाला विचारलं. तो म्हणाला, "जऊळक्याच्या वाटेनं तीनदा बसले. म्हाताऱ्यावानी." मास्तरांचं घर जऊळक्याला होतं, शनिवारी शाळा सुटली की ते चालत जात.

तिसरं माणूस स्वतः मास्तर.

"मास्तर, तुमी खोकता काहून?"

"खडूची धूळ हाय."

"खडू शाळेत हाय. तुमी तं काकूच्या घरीबी खोकता."

ते हसले, पण टोपीला हात लावला नाही.

त्या शनिवारी माझा कागद असा होता. अडचण: मास्तर खोकतात, रुमालावर रक्त येते. रुमाल मी वाळत घातलेला पाहिला होता, डाग गेला नव्हता. उपाय: रजा घेऊन अकोल्याच्या दवाखान्यात जावं. कोण करणार: मास्तर.

मास्तरांनी इतरांचे कागद वाचून दाखवले. माझा घडी करून खिशात ठेवला. शाळा सुटल्यावर मला थांबवलं.

"मी गेलो तं शाळेले कुलूप लागते. बदली मास्तर केव्हा येईन, मालूम नाई. तवरोक तुमी पोरी घरी बसान. घरी बसलेली पोरगी शाळेत परत येत नाई. परीक्षा होऊ दे."

"मंग उपाय?"

"रडली नाईस तू. तेवढं बरं केलं," एवढंच ते म्हणाले.

आज कोणी मास्तर असा खोकत पोरांमध्ये बसला तर मीच त्याला बाहेर काढीन. तीस पोरं होती त्या खोलीत. तेव्हा हे कोणाला कळत नव्हतं. त्यांना कळत असावं, म्हणून तर ते भिंतीकडे वळत.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मालेगावहून साहेब आले, परीक्षा झाली. चौथीतल्या आम्ही तिन्ही पोरी पास झालो. मी पास झाले आणि पावसाळ्यात शेतात निंदायला गेले. पुढची शाळा मालेगावला होती आणि पोरीला तिकडे कोण पाठवणार? ज्या पोरींसाठी मास्तर थांबले, त्यांचं पुढे एवढंच झालं.

परीक्षेनंतर आठवडाभरानं माझ्या बापानं गाडी जुंपली. मास्तरांना चालवत नव्हतं. जऊळक्याहून ते आगगाडीनं अकोल्याला जाणार होते. गाडीत बसल्यावर त्यांनी खिशातून तो घडीचा कागद काढून मला दिला. गाडी नाल्यावर पोचली, बापानं टाकलेल्या दगडांवर चाकं खडखडली. मास्तरांना खोकला आला आणि त्यांनी तोंड फिरवलं. उघड्या रानात भिंत नव्हती, तरी फिरवलं.

पावसाळ्यात दुसरे मास्तर आले. पहिले मास्तर दवाखान्यातच वारल्याचं त्यांनी हजेरी घेता घेता सांगितलं, असं माझा धाकटा भाऊ घरी येऊन म्हणाला. मी तेव्हा भाकरी भाजत होते. ती करपली.

तो कागद माझ्याकडे आहे. त्यावर लाल शाईत लिहिलं आहे: "तिघांना विचारलं. उपाय बरोबर. नाव बरोबर. केव्हाची ओळ कोरी. दहापैकी आठ." आणि त्या कोऱ्या ओळीत त्यांच्याच अक्षरात: "परीक्षा झाल्यावर."

मी तिथे 'आज' लिहिलं असतं तरी ते त्या दिवशी दवाखान्यात गेले नसते, हे मला कळतं. पण ओळ मी कोरी सोडली होती.