खांबामागचे भोवरे

आमच्या शिळफाट्याच्या घरात वीज गेली की बाकीचे पंख्याच्या नावाने खडे फोडायचे, मी कॉम्प्युटरकडे धावायचे. त्यात नदीतल्या पुलाचा एक खांब होता आणि खांबामागे घोळणारं पाणी, सगळं गणितातलं. मोठे भोवरे कॉम्प्युटर मोजतो. बारके मोजत बसला तर जन्म पुरायचा नाही, म्हणून ते अंदाजाने धरायचे. अंदाजाच्या दोन रीती. पहिलीत सगळीकडे एकच ठरलेला आकडा, दुसरीत तो प्रवाह बघून जागोजागी बदलतो. यातली बरी कुठली, एवढं सांगायला मी कर्जतच्या कॉलेजात शिकवता शिकवता पीएचडीला बसले होते. दुसरी रीत कॉलेजच्या मशीनवर चालली, तिथे जनरेटर होता. पहिली घरी.

दुसरी बरी निघाली. प्रबंध लिहून झाला, मुदतवाढीही संपत आल्या. शेवटचे आलेख काढताना लक्षात आलं, की घरी वीज आल्यावर गणित पुन्हा सुरू केलं की प्रवाह थांबला तिथून पुढे चालायचा, पण जिच्यावर तुलना करायची ती सरासरी मात्र दर वेळी नव्याने धरली जायची. म्हणजे पहिल्या रीतीची सरासरी फक्त शेवटच्या तुकड्याची होती. एवढी वर्षं मी घरच्या आणि कॉलेजच्या विजेची तुलना करत होते. आधी हसू आलं, मग इतका शीण आला की समोरचा चहा तसाच निवला.

मार्गदर्शकांना फोन केला. ते म्हणाले, परीक्षकांना हे दिसणार नाही, आधी पदवी पदरात पाडून घ्या. मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू. पण तो आलेख बघवेना. पहिली रीत कॉलेजच्या मशीनवर पुन्हा लावली, सलग. मुदत संपता संपता उत्तर आलं. आलेखात दोन्ही रीतींच्या रेघा एकमेकींवर बसल्या, फरक म्हणून काही उरलाच नाही.

सासरे शेतावरून आल्यावर त्यांनी विचारलं, कुठली रीत जिंकली. मी म्हटलं, कोणतीच नाही, आणि आता पदवीचंही काही खरं नाही.

"मंग तसंच लिव," ते म्हणाले. "आन् निज जरा गं. किती दिस तुजा डोळा लागला नाय."

मला रडू आलं. मग बसून लिहिलं. नवा निष्कर्ष अर्ध्या पानात संपला. तेवढ्या अर्ध्या पानात माझी अख्खी तिशी गेली.