सगळ्यांची वहिनी

सहलीला येणारे लोक मला 'सर' म्हणतात आणि माझ्या बायकोला 'वहिनी'. यातच सगळं आलं. सरांना संध्याकाळपर्यंत विसरतात, वहिनीला घरी पोचल्यावर फोटो पाठवतात.

डोंगरावरचं जुनं उजाड शहर मी एकोणीस वर्षं पाहुण्यांना दाखवतोय. पडक्या भिंती, पायऱ्यांचं तळं आणि एकटाच धड उभा राहिलेला उत्तरेचा दरवाजा. त्याच्यावर नऊ ओळींचा शिलालेख आहे, तो मला तोंडपाठ आहे. बायको दोन वर्षांपूर्वीपर्यंत शिंप्याच्या दुकानात काजं करायची. दुकान बंद पडलं, आमच्या कंपनीला सहलीचे डबे करणारं कुणीतरी हवं होतं, आणि तिचं नाव मीच सुचवलं. आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेतला, दुसरं काय!

तिला शतकं कळत नाहीत. माझ्या दरवाजाला ती 'ते दार' म्हणते.

गेल्या वर्षी दरीवर दोरीचा झुलता पूल झाला. तेव्हापासून आधी दरवाजा पाहायचा, मग पूल ओलांडून पलीकडे धबधब्यापाशी जेवायचं, असा कार्यक्रम ठरला. पुलाच्या मध्यावर रोज कुणीतरी थिजतं. कमरेला पट्टा असतो, पडायची भीती नसते, तरी पाय हलत नाहीत. मी अलीकडून ओरडायचो, "खाली बघू नका!" की ते हमखास खाली बघायचे. बायको पलीकडे डबे ठेवून शांतपणे विचारायची, "ताई, निघताना गॅस बंद केलात ना?"

"केला... नाही, थांबा हं, आधी दूध तापवलं, मग..." असं आठवता आठवता ताई पलीकडे. एका म्हाताऱ्या काकांना तिनं घरी मांजराला खायला कोण घालतंय ते विचारलं. मांजराच्या खोड्या सांगत काका आले आणि तिचा हात धरून रडलेच.

संध्याकाळी पाहुणे कंपनीच्या वहीत अभिप्राय लिहितात. 'वहिनींमुळे पूल पार केला.' 'वहिनी, पुन्हा येणार!' आणि माझ्याबद्दल काय, तर 'माहिती बरी होती.' बरी! एकोणीस वर्षांची माहिती, आणि बरी!

मी जळत होतो, सरळ सांगतो. शेजाऱ्यावर जळलं तर दार लावून घेता येतं. इथं जिच्यावर जळायचं, तिनंच वाढलेलं जेवायचं. एकदा मी तिला सुनावलंही, "पाहुण्यांशी इतकी सलगी बरी नव्हे." ती "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी एका डॉक्टरांना त्यांच्या कुंड्यांना पाणी कोण घालतं ते विचारून पलीकडे नेलं.

त्यातच कंपनीच्या मालकीणबाईंनी दोन दिवसांची मोठी सहल काढायचं ठरवलं. सहलीला एक प्रमुख असणार, त्याच्या गळ्यात शिट्टी. ती शिट्टी माझीच, असं मी धरून चाललो होतो. मग ऑफिसात कानावर आलं की बायकोचंही नाव आहे. मालकीणबाई स्वतः एका सहलीला येऊन ठरवणार होत्या.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. तो पूल मी एकदाही ओलांडला नव्हता. 'शेवटच्या माणसाकडे लक्ष ठेवतो' म्हणून रोज अलीकडेच थांबायचो आणि दरवाजाच्या सावलीत एकटाच जेवायचो. बायको सकाळी माझा डबा वेगळा काढून माझ्या पिशवीत ठेवायची. का, ते तिनं कधी विचारलं नाही.

मालकीणबाई आल्या त्या दिवशी मी शिलालेख असा सांगितला की पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मालकीणबाईंनी मात्र घड्याळ पाहिलं. पुलापाशी आल्यावर पलीकडे डबे मांडणाऱ्या बायकोकडे बघून त्यांनी हसून हात हलवला. माझं डोकंच फिरलं. ती जाते तर मला काय धाड भरलीय? पट्टा अडकवला आणि निघालो.

अकरा फळ्या बऱ्या गेल्या. बाराव्या फळीवर पूल हलला आणि पाय माझे राहिले नाहीत. मागे मालकीणबाई, पुढे बायको. आता ही गॅसचं विचारणार आणि माझी शोभा होणार.

"अहो," ती म्हणाली, "शिलालेखाची पहिली ओळ काय हो?"

"या शहरात येणाऱ्यानं आधी जनावराला पाणी पाजावं," मी म्हणालो आणि पाय सुटला.

"दुसरी?"

"मग स्वतः प्यावं."

चौथ्या ओळीला मी अडखळलो. "दारात भांडू नये," तिनंच सांगितलं. तिला सगळ्या ओळी येत होत्या. नववी तुटलीय, वाचता येत नाही, असं म्हणालो तेव्हा माझा हात तिच्या हातात होता.

माझ्या मागोमाग पूल ओलांडून आलेल्या मालकीणबाईंनी तिथंच शिट्टी काढून तिच्या गळ्यात घातली. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं, म्हणून तर जास्त झोंबलं.

जेवताना मी विचारलं, "सगळ्यांना तू घरचं विचारतेस. मला दगडाचं का?"

"ज्याचा जीव जिथं अडकलेला असतो, तेच विचारते," ती माझ्या डब्याचं झाकण काढत म्हणाली. "एकोणीस वर्षं त्या दारावर जळतेय मी. तुम्ही एका सीझनलाच दमलात?"

एवढं बोलून तिनं शिट्टी वाजवली. पाहुणे उठले, मीही उठलो.